“व्याकरण येतं, पण तोंड उघडत नाही”: इंग्रजी संभाषणाच्या पहिल्या परीक्षेपूर्वीची एक हकिगत

“मॅडम, व्याकरण मला येतं. लिहायला सांगा, लगेच लिहून दाखवते. पण समोर माणूस बसला की तोंडातून शब्द फुटत नाही.” दादरच्या माझ्या खोलीत हे बोलणे मी पुष्कळदा ऐकले आहे. बोलणाऱ्या व्यक्ती निरनिराळ्या असतात आणि त्यांची निकडही निरनिराळी असते, तरी शब्द जवळजवळ हेच असतात. ही काळजी घेऊन आलेल्या एका मुलीची हकिगत तिच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून येथे सांगत आहे. तिला आपण वैशाली म्हणू.

वैशाली अठ्ठावीस वर्षांची होती. ती भांडुपला माहेरी राहत होती आणि दादरच्या एका पतपेढीत हिशेबाचे काम करत होती. लग्नाला आठ महिने झाले होते, नवरा इंग्लंडमध्ये लेस्टर शहरात स्थायिक होता, आणि त्याच्याकडे जाण्याचा व्हिसा मिळवण्यासाठी तिला इंग्रजी बोलण्याची व ऐकण्याची परीक्षा उत्तीर्ण व्हायचे होते. तेथे स्थायिक असलेल्या व्यक्तीच्या जोडीदाराला प्राथमिक इंग्रजी बोलता यावे, ही अट ब्रिटनने २९ नोव्हेंबर २०१० पासून लागू केली. त्यासाठी लागणारी पातळी ए१ ही आहे, म्हणजे भाषाज्ञान मोजण्याच्या युरोपीय चौकटीतील सहा पायऱ्यांपैकी अगदी पहिली. वैशालीने आयईएलटीएस लाइफ स्किल्स ही परीक्षा निवडली होती आणि तारीख पाच आठवड्यांवर आली होती. (असे नियम बदलत असतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर मान्य परीक्षांची चालू यादी प्रत्येकाने स्वतः पाहून घ्यावी.)

पहिल्या भेटीत तिने पिशवीतून दोन जाड वह्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. काळांचे तक्ते, रिकाम्या जागा भरा, प्रश्नार्थक करा, नकारार्थी करा, असे शेकडो सराव त्यांत सुवाच्य अक्षरात सोडवलेले होते आणि स्वतःच्या चुकांभोवती तिने लाल पेनाने गोल केलेले होते. वह्या पाहून झाल्यावर मी तिला साध्या इंग्रजीत विचारले, “व्हॉट इज इन युअर बॅग?”

ती पिशवीकडे पाहत राहिली. तिचे ओठ किंचित हलत होते, बोटे पिशवीच्या बंदाशी चाळा करत होती, आणि अर्धा मिनिट गेले तरी आवाज काही आला नाही. अखेर मीच मराठीत विचारले, “आता या एवढ्या वेळात मनात काय चाललं होतं?”

“पिशवीत डबा एक आहे आणि पुस्तकं दोन आहेत,” ती म्हणाली. “मग ‘देअर इज’ म्हणायचं की ‘देअर आर’? डबा आधी घेतला तर ‘इज’, पुस्तकं आधी घेतली तर ‘आर’. आणि दोन्ही एकत्र म्हटलं तर काय, ते कळेना.”

तिचा प्रश्न खरोखर चांगला होता. व्याकरणाचा एवढा बारीक विचार करणारी मुलगी अभ्यासात कमी पडली असे कोणीही म्हणणार नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, त्यामुळे दहावीपर्यंत दहा वर्षे ती इंग्रजी शिकली होती. मात्र त्या दहा वर्षांत तिचे बहुतेक इंग्रजी हाताने लिहिलेले होते. वाक्य आधी मनातल्या कागदावर लिहायचे, त्यातली चूक शोधायची, लाल गोल करायचा आणि मगच ते बाहेर सोडायचे, ही तिची सवय झाली होती. लेखी परीक्षेत ती सवय गुण मिळवून देते, पण बोलताना तिला लागणारा वेळ समोरच्या माणसाला फक्त शांतता म्हणून ऐकू येतो.

सवयीच्या मागे भीतीही होती. सातवीत असताना वर्गात मोठ्याने धडा वाचताना तिने बेटासाठी असलेला इंग्रजी शब्द ‘आयलंड’ असा न उच्चारता अक्षरे दिसतात तसा ‘इसलँड’ असा वाचला आणि सगळा वर्ग हसला, शिकवणारेही हसले. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिने नवऱ्याच्या शहराचे नाव स्पेलिंगप्रमाणे ‘लायसेस्टर’ असे उच्चारले तेव्हा फोनवर तोही हसला. त्याच्या हसण्यात प्रेमच होते, हे तिलाही माहीत होते. तरीही त्यानंतर रोजच्या फोनवर तो ‘सराव’ म्हणून इंग्रजी बोलू लागला आणि तिचे प्रत्येक वाक्य अर्ध्यावर थांबवून दुरुस्त करू लागला तेव्हा हळूहळू तिचे बोलणे ‘येस’, ‘नो’ आणि ‘ओके’ एवढ्यावर आले. उरलेले इंग्रजी वहीत गेले, कारण वही हसत नाही.

येथे एक गोष्ट मला आग्रहाने सांगावीशी वाटते. अशी व्यक्ती आली की मी आधी विचारते, मराठीतही असेच होते का? चार माणसांत, कार्यालयात, लग्नकार्यात बोलायची वेळ आली की मराठीतही घसा कोरडा पडत असेल, छाती धडधडत असेल आणि माणूस तेथे जाणेच टाळत असेल, तर तो प्रश्न इंग्रजीचा नसतो आणि त्यावर वेगळे उपचार लागतात, कधी मनोविकारतज्ज्ञांचीही मदत लागते. वैशाली पतपेढीच्या खिडकीवर तावातावाने आलेल्या खातेदारांना मराठीत शांतपणे समजावत असे. तिची भीती इंग्रजीपुरतीच होती, म्हणून आम्हाला भाषेच्या अंगाने काम करता आले.

पहिले काम परीक्षेची खरी ओळख करून घेण्याचे होते. तिच्या कल्पनेत एक कडक परीक्षक लाल पेन घेऊन बसलेला होता. प्रत्यक्षात या पातळीची ही परीक्षा १६ ते १८ मिनिटांची असते, तीत वाचन आणि लेखन नसते, आणि एका परीक्षकापुढे दोन उमेदवार एकत्र बसतात. परीक्षक नाव, कुटुंब, घर, काम, खरेदी अशा रोजच्या गोष्टींविषयी विचारतात, ध्वनिमुद्रित छोटे संवाद ऐकवून त्यांवर साधे प्रश्न विचारतात, आणि उमेदवारांनी एकमेकांशीही बोलायचे असते. निकाल उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढाच लागतो. मूल्यमापन चार अंगांनी होते: माहिती मिळवता येते का, माहिती देता येते का, अर्थ पोहोचेल असे बोलता येते का, आणि चर्चेत सहभागी होता येते का. वैशालीने ही चार अंगे दोनदा वाचली आणि विचारले, “यात व्याकरण कुठे आहे?” व्याकरण तिसऱ्या अंगाच्या पोटात आहे, असे मी सांगितले. ते लागते, पण अर्थ समोरच्यापर्यंत पोहोचावा एवढ्यासाठी. “ही गो ऑफिस नाइन ओ क्लॉक” हे वाक्य सदोष आहे, तरी ते ऐकणाऱ्याला माणूस नऊ वाजता कार्यालयात जातो हे कळते. मनात तपासत राहिलेले निर्दोष वाक्य मात्र कोणालाच काही सांगत नाही आणि त्याला गुणही देता येत नाहीत.

दोन्ही वह्या मी पाच आठवड्यांसाठी माझ्या कपाटात ठेवून घेतल्या. ती कासावीस झाली, पण तयार झाली.

व्याकरणाचा सराव आम्ही सोडला नाही, तो फक्त हातातून तोंडात आणला. माझ्या अनुभवात या पातळीला तीन सांगाडे पक्के असले की बहुतेक बोलणे निभावते: माझ्याकडे काय आहे, अमुक ठिकाणी काय आहे, आणि कोण रोज काय करतो. तिघांतही मराठी माणूस ठरावीक जागी अडखळतो. ‘मला दोन भाऊ आहेत’ असे आपण म्हणतो, म्हणून इंग्रजीतही भाऊ आधी तोंडात येतात आणि ‘आय हॅव’ मागे राहते. ‘टेबलावर’ म्हणताना आपला ‘वर’ टेबलाच्या मागून येतो, इंग्रजीत तो टेबलाच्या आधी आणावा लागतो. प्रश्न विचारताना आपण शेवटी ‘का’ लावतो, तर इंग्रजीला ‘डू’ किंवा ‘डझ’ सुरुवातीलाच हवे असते. तिसऱ्या पुरुषी एकवचनाच्या त्या एका ‘एस’ची वैशालीला फार धास्ती होती. तेव्हा मी तिला म्हटले, “तू ‘मी जाते, तू जातेस, तो जातो, ते जातात’ हे सगळं न अडखळता बदलतेस. इंग्रजी त्यातला एकच बदल मागतं. तो कानाला आणि जिभेला लावून घ्यायचा, मनात तपासत बसायचं नाही.”

सराव रोज अर्धा तासच, पण मोठ्याने करायचा असे ठरले. रात्री ओट्याजवळ उभे राहून जे दिसेल ते बोलायचे: कुकर कुठे आहे, आई काय करते, फळीवर काय काय आहे. वाक्य सुरू केले की चुकले तरी शेवटाला न्यायचे. डबा आणि पुस्तकांच्या कोड्यालाही तिने स्वतःच वाट काढली. “आय हॅव अ टिफिन अँड टू बुक्स” म्हटले की ‘इज’ आणि ‘आर’ दोन्ही टळतात, हे तिला एका रात्री भांडी विसळताना सुचले आणि दुसऱ्या दिवशी मला सांगताना तिचा चेहरा उजळला होता.

ऐकण्याची भीती गाडीत कमी झाली. सकाळच्या धीम्या लोकलमध्ये ती “पुढील स्टेशन कुर्ला, अगला स्टेशन कुर्ला, नेक्स्ट स्टेशन कुर्ला” हे वर्षानुवर्षे ऐकत आली होती, आणि त्यातला तिसरा तुकडा इंग्रजी आहे व तो आपल्याला न भाषांतरता कळतो, याकडे तिचे लक्षच गेले नव्हते. मी तिला गाडीतल्या एका मैत्रिणीबरोबर सराव करायला सांगितले. एका स्टेशनाहून गाडी सुटली की एकीने प्रश्न विचारायचा आणि पुढचे स्टेशन येईपर्यंत दुसरीने उत्तर द्यायचे, मग पाळी बदलायची. कांजूरमार्गपासून माटुंग्यापर्यंत सात स्टेशने मिळत. “पण तिचं इंग्रजीही माझ्यासारखंच आहे,” वैशाली म्हणाली. मला तेच हवे होते, कारण परीक्षेत शेजारी बसणारा उमेदवारही पहिल्याच पायरीवरचा असतो. त्याचे अडखळते बोलणे समजून घेणे आणि त्याला सोपा प्रश्न विचारणे हेही तिला तेथे करायचे होते.

एक वाक्य मात्र मी तिच्याकडून अक्षरशः घोटून घेतले: “सॉरी, कॅन यू से दॅट अगेन, प्लीज?” प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारणे म्हणजे नापास होणे, अशी अनेकांची समजूत असते आणि ती त्यांचे फार नुकसान करते. ए१ पातळीची व्याख्याच अशी आहे की समोरची व्यक्ती सावकाश आणि स्पष्ट बोलत असेल व मदतीला तयार असेल तर हा माणूस साधा संवाद साधू शकतो. पुन्हा सांगायची विनंती करणे हा त्या संवादाचाच भाग आहे.

नवऱ्याशीही मी दोघांच्या संमतीने व्हिडिओ कॉलवर बोलले. तो मनापासून म्हणाला, “मॅडम, मी चुका दाखवल्या नाहीत तर ती शिकणार कशी?” मी त्याला विचारले, लहान मूल ‘मी चपाती खाल्ला’ म्हणाले तर तुमची आई काय म्हणत असे? तो थोडा थांबला आणि म्हणाला, “‘अरे वा, चपाती खाल्लीस? अजून एक देऊ?’ असं म्हणायची.” मराठीतले लिंगभेद आपण सगळे असेच शिकलो. चूक कोणी थांबवून दाखवली नाही, बरोबर रूप सहज उत्तरात कानावर पडत गेले. त्यानेही तसेच करायचे ठरले: दहा मिनिटे फक्त प्रश्न विचारायचे, ती “माय मदर कुक” म्हणाली की “शी कुक्स एव्हरी डे?” असे पुढे विचारायचे आणि हसायचे नाही. सुरुवातीला त्याला ते जड गेले. तिसऱ्या आठवड्यात वैशालीने सांगितले की आता कॉल दहा मिनिटांत संपत नाही.

परीक्षेनंतर दोन दिवसांनी ती भेटायला आली. शेजारचा उमेदवार वयाने मोठा होता आणि तिने विचारलेला पहिला प्रश्न ऐकून गप्प झाला. त्याचे ओठ हलत होते, ते तिने ओळखले. तिने तोच प्रश्न सावकाश, कमी शब्दांत पुन्हा विचारला आणि तो बोलू लागला. स्वतः ती दोन-तीन वेळा ‘ही गो’ म्हणाली. “कळलं मला लगेच, पण पुढे गेले,” ती म्हणाली. निकाल उत्तीर्ण असा लागला.

पुढे मुदत वाढवताना याच्या वरच्या, म्हणजे ए२ पायरीची परीक्षा द्यावी लागेल, हे तिला ठाऊक होते. मी कपाटातून वह्या काढून दिल्या तेव्हा वाटले, ती आता तक्त्यांकडे वळेल. तिने दोन्ही वह्यांची मागची पाने चाळून पाहिली. एका वहीत चाळीसएक पाने कोरी होती. “ही लेस्टरला घरखर्चाच्या हिशेबाला होतील,” म्हणाली, आणि ती वही तिने पिशवीत डब्याशेजारी ठेवली.