रोज एक क्वार्टर आणि वर अँटिऑक्सिडंटची गोळी

प्रश्न: डॉक्टर नमस्कार, मी खानापूर तालुक्यातली. मिस्टर बेळगावात उद्यमबागला फौंड्रीत आहेत, सुटून येताना रोज एक क्वार्टर ठरलेली, पंधरा वर्षं तरी झाली असतील. काही बोललं की म्हणतात माझं लिव्हर नॉर्मल आहे, रिपोर्ट बघ की. आता मोबाईलवर कुणीतरी पाठवलंय की दारूनं ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस होतो आणि किडनी जाते, तर त्यावर ह्यांनी मेडिकलमधनं अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या आणल्यात, खरं पिणं हाय तेवढंच. सकाळी तोंड सुजल्यासारखं दिसूलाय, लघवीला फेस येऊलाय म्हणतात. गोळीनं भागंल काय?

उत्तर: ताई, नाही भागणार. आणि गोळीचं नंतर बघू, तुम्ही शेवटी लिहिलेलं सुजलेलं तोंड आणि फेस हे मला जास्त काळजीचं वाटतंय. फेस रोज येत असेल आणि पाणी टाकूनही लवकर जात नसेल तर लघवीतून प्रोटीन जात असू शकतं. ह्याच आठवड्यात लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो कचरा), शुगर आणि बीपी एवढं तपासून घ्या. रेशो ३० च्या (मिलिग्रॅम प्रति ग्रॅम) आत पाहिजे. नुसतं क्रिएटिनिन नॉर्मल आलं म्हणून घरी यायचं नाही, कारण किडनीचं निम्मं काम बंद पडेपर्यंत ते बऱ्याचदा नॉर्मलच दिसतं, आणि लिव्हरच्या रिपोर्टवरून तर किडनीचं काहीच कळत नाही.

आता ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचं. क्वार्टर म्हणजे १८० मिली, त्यात साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल. शरीर त्याचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं, जे विषारीच, आणि मग अ‍ॅसिटेट. रोज पिणाऱ्याच्या अंगात हे काम उरकायला सीवायपी-टू-ई-वन नावाचं एंझाइम वाढत जातं आणि ते लिव्हरमध्ये असतं तसं किडनीतही असतं, हे फार कमी लोकांना माहीत असतं. ते काम करताना ऑक्सिजनचे चवताळलेले कण बाहेर पडतात, मिस्टरांना सांगा की साच्यात लोखंड ओतताना ठिणग्या उडतात ना, तसं. ते विझवायला पेशीत ग्लुटाथायोन असतं, पण रोजच्या पिण्यात तेच संपत येतं, हाच तो ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. आणि किडनीच्या बारीक नळ्यांना काम केवढं, दिवसाला जवळजवळ १८० लिटर गाळलं जातं आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं रक्तात परत ओढून घ्यायचं, त्यासाठी त्या पेशी मायटोकॉन्ड्रियांनी, म्हणजे पेशीला ताकद पुरवणाऱ्या बारीक भट्ट्यांनी, ठासून भरलेल्या असतात, आणि नेमके हेच मायटोकॉन्ड्रिया आधी पोळतात. मग सूज आणि हळूहळू व्रण.

म्हणजे स्ट्रेस खरा आहे, पण गोळी त्यावरचा इलाज नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत काही अँटिऑक्सिडंटनी नुकसान कमी झालेलं दिसलंय, पण पिणं चालू ठेवून गोळी घेतली आणि माणसाची किडनी वाचली असं सिद्ध झालेलं नाही. उलट व्हिटॅमिन सी भरमसाट घेतलं तर ऑक्झलेटचे खडे होऊ शकतात. किडनी एकट्या दारूनंच बिघडते असंही नाही हां, दारूनं बीपी चढतं आणि ते वाढलेलं बीपी किडनीला खातं, त्यात फौंड्रीतल्या उष्णतेनं अंगातलं पाणी गेलेलं आणि वर अंगदुखीची गोळी रोजची असेल तर फारच वाईट. ती गोळी कुठली ते डॉक्टरांना नक्की दाखवा.

२००७ ला कर्नाटकात सारायी, म्हणजे ती स्वस्तातली देशी दारू, बंद झाली, तेव्हापासून आमची लायसनची दारू चांगली म्हणणारे रोज भेटतात, चोर्ला घाटातून आलेली गोव्याची प्युअर म्हणणारेही भेटतात. अल्कोहोल सगळ्यांत तेच.

आणि एक कळकळीनं सांगते, भांडून एका दिवसात बंद करायला लावू नका. इतकी वर्षं रोज पिणाऱ्यानं अचानक सोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं असं होऊ शकतं आणि त्यात जीव जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवायची. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी फुकट हेल्पलाइन आहे, आणि तुम्हाला स्वतःला बोलावंसं वाटलं तर टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६.

प्रश्न: मी निपाणीचा, वय २४. ४ मिलिमीटरचा स्टोन आहे. मित्र म्हणतात बियर पी, धुऊन निघतोय. खरं काय?

उत्तर: बियरनं लघवी जास्त होते कारण अल्कोहोल पाणी धरून ठेवणारं हार्मोन दाबतं, आणि मग तेच शरीर कोरडं पडतं. शिवाय युरिक अ‍ॅसिड वाढतं. एवढा खडा बहुतेक वेळा आपणहून पडतो, लघवी दिवसाला अडीच लिटर होईल इतकं साधं पाणी प्या. थंडी-ताप आला, लघवी अडली किंवा उलट्या थांबेनात तर मात्र वाट बघत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.