घरच्या मीटरवर ओलावा १३ टक्के येतो, खरेदीदाराच्या मीटरवर १५. ही फसवणूक समजायची का?

लगेच फसवणूक समजू नका, पण दोन टक्के सोडूनही देऊ नका. मी धान्य तपासणीच्या कामात आहे. भांडणं मीटरवरून होतात, पण खरा घोळ बहुतेक वेळा त्याआधी, नमुना काढतानाच झालेला असतो.

आधी मीटरचं सांगतो. हातात धरायचे बहुतेक मीटर पाणी थेट मोजत नाहीत, दाण्यांच्या विद्युत गुणधर्मांवरून अंदाज काढतात. मीटरवर पीक चुकीचं निवडलं किंवा धान्य उन्हानं तापलेलं असलं की आकडा हलतो. नुकताच वाळवलेला दाणा वरून कोरडा आणि आत ओला असतो. तो काही तास झाकून ठेवा आणि पुन्हा मोजा, आकडा वर गेलेला दिसेल. तुमचे १३ असेही आलेले असू शकतात. वाद मिटवायचा तर ओव्हन लागतो: दळलेला गहू साधारण १३० अंश सेल्सियसला दोन तास वाळवायचा आणि वजनातली घट मोजायची.

आता नमुना. धान्य एका जागी ओतत गेलं की बारीक माती आणि चुरा ढिगाच्या मधोमध साचतो, धड दाणे घरंगळत कडेला जातात. म्हणजे हात कुठे घातला यावरच प्रत ठरते! वरून उचललेल्या एका ओंजळीवर कपात लावणं मला अजिबात मान्य नाही. डागी दाण्यांचंही तसंच. मालात खरोखर ४ टक्के डागी असतील, तर १०० दाण्यांच्या एका मोजणीत २ निघतील, दुसरीत ६. यात कोणीच खोटं बोलत नसतं, नमुनाच अपुरा असतो.

म्हणून आग्रह धरा तो याचा: नमुना अनेक ठिकाणांहून, तळापर्यंत नळी घालून काढायचा, तुमच्यासमोर एकत्र करायचा आणि तपासणीआधीच त्याचे तीन भाग करून सीलबंद करायचे. एक त्यांचा, एक तुमचा, तिसरा वाद झाला तर तटस्थ प्रयोगशाळेसाठी. पिशवी हवाबंदच हवी, कापडी पिशवीत ओलावा टिकत नाही. कॅनडात असा वाद झाला की नमुना तिथल्या सरकारी धान्य आयोगाकडे पाठवता येतो आणि त्याचा निर्णय दोघांवर बंधनकारक असतो. अशी सोय नसेल तिथे निदान तिसरी प्रयोगशाळा कोणती, हे सौद्यातच लिहून घ्यावं.

आणि कपातीचा हिशेब स्वतः करा. समजा, भाव १४ टक्के ओलाव्यावर ठरलाय. १,००० किलो मालात १५ टक्के ओलावा असेल तर कोरडा भाग ८५० किलो. तो १४ टक्क्यांवर आणला की वजन ९८८ किलो भरतं, म्हणजे पाण्यापोटी कपात १२ किलोंची. त्याहून जास्त कापत असतील तर तो वाळवणीचा खर्च म्हणून वेगळा दाखवायला सांगा.

उलट माल खरंच १३ टक्क्यांचा असेल, तर त्याच हिशेबानं तुमचे जवळपास १२ किलो जास्त धरायला हवेत. ते सहसा कोणी धरत नाही. जास्त ओलाव्याला दंड आणि कमी ओलाव्याला काहीच नाही, हा अन्याय मीटर अचूक असला तरी होतच राहतो. म्हणून १४ च्या खाली गेल्यावर काय देणार, हे भाव ठरवतानाच विचारा. माल उतरवून झाल्यावर तुमच्या हातात काही राहत नाही.