ब्रह्मकमळ लावताय? आधी एवढं सांभाळा

ताई, शेजारणीकडून पान आणलंत, झकास! फक्त लगेच मातीत खोचू नका. कापलेली कड तीन-चार दिवस सावलीत सुकू द्या, मग दोन इंच पुरा, खालचं टोक खालीच. खरं तर ते पान नव्हे, चपटं खोड. झाड निवडुंगाच्या कुळातलं, मूळ मेक्सिकोकडचं. (केदारनाथला वाहतात ते वेगळं, हिमालयातलं.)

नवखे हमखास चुकतात ते इथं:

- पाणी. सगळ्यात जास्त झाडं यानंच जातात. कोल्हापुरात जुलैची झड लागली की कुंडी पागोळीखाली नको, मुळं कुजतात. कुंडीला भोकं हवीत, मातीत वाळू नि कुजलेला पालापाचोळा.
- दुपारचं ऊन. सकाळचं कोवळं पुरे.
- जुन्या लांब फांद्या छाटणं. अहो, कळ्या त्यांच्यावरच येतात!
- कळी दिसली की कुंडी इकडून तिकडे हलवणं.

फुलाला दोन-तीन वर्षं लागतील, युरिया ओतून नुसता पालाच वाढतो. कळी फुगून वर वळली की रात्री नऊनंतर जागे राहा, सकाळपर्यंत फूल मिटतं. गल्लीला बोलवा, कुणी पूजा करेल, कुणी फोटो काढेल. चीनमध्ये तर हे क्षणभंगुरतेचं प्रतीक मानतात.

खतांचं पहिला पावसाळा निघाल्यावर बघू.