सोशल मीडिया ॲनालिटिक्स आणि हौशी ॲप डेव्हलपर यांचा व्यवसायाला नेमका काय फायदा होतो?

तुम्ही विचारलंय की दादरच्या तुमच्या फराळाच्या दुकानाला ॲनालिटिक्सचा, म्हणजे पोस्ट किती जणांनी बघितली, सेव्ह केली अशा आकड्यांचा, खरंच उपयोग आहे का, आणि हौसेखातर ॲप बनवणाऱ्या मुलांमुळे एखाद्या धंद्याचं भलं कसं होतं. मी परळ-लालबाग भागातल्या काही दुकानांची इन्स्टाग्राम आणि फेसबुक पेजेस सांभाळतो, म्हणून पहिल्या भागावर जरा जास्त बोलतो.

व्ह्यूज आणि लाइक यांच्यावरून धंदा कळत नाही. लालबागच्या मिरची गल्लीतल्या एका मसालेवाल्यांचंच बघा. डंखावर मिरची कुटतानाचा व्हिडिओ टाकला की तो भरपूर फिरतो. पण मालवणी मसाल्याला बेडगी किती, संकेश्वरी किती, धणे किती, असं प्रमाण लिहिलेली साधी पोस्ट बघतात कमी लोक आणि सेव्ह करतात जास्त. सेव्ह करणारी बाई एप्रिल-मेमध्ये वर्षाचा मसाला करणार असते, तीच खरी गिऱ्हाईक. मार्चमध्ये कुठल्या मसाल्याची पोस्ट जास्त सेव्ह होतेय ते बघून मालक आता मिरची भरतात. गिऱ्हाईक कुठलं हेही इनसाइट्समध्ये, म्हणजे पेजच्या आकडेवारीत, दिसतं. गल्लीत येणारी माणसं परळ-शिवडीची, पण पेजवरची बरीचशी पुण्याची निघाली. तेव्हापासून आम्ही कुरियरचा दर पोस्टमध्येच लिहितो, आणि ‘पुण्याला पाठवता का?’ हा रोजचा प्रश्न जवळजवळ थांबला. तुम्ही व्हॉट्सॲप बिझनेस वापरत असाल तर किती मेसेज पोचले, किती वाचले गेले, तेही तिथेच फुकट बघता येतं. महागडं सॉफ्टवेअर घेण्याची घाई अजिबात करू नका.

मात्र या आकड्यांना एक मर्यादा आहे. तुम्ही जे ठेवलंत त्याचं लोकांनी काय केलं, एवढंच ते सांगतात. लोकांना हवं होतं पण तुम्ही ठेवलंच नव्हतं, ते कुठल्याच आलेखात येत नाही. हौशी डेव्हलपर नेमका तिथे कामाला येतो, कारण तो स्वतःची अडचण सोडवत असतो.

आपल्या शहरातलं उदाहरण म्हणजे एम-इंडिकेटर. सचिन टेके यांनी २०१०मध्ये ते आणलं तेव्हा लोकलचं वेळापत्रक छापील पुस्तिकेत शोधावं लागायचं. पुढची फास्ट कधी, मेगाब्लॉक कुठे, रिक्षाचं भाडं किती, हे सगळं एका जागी हवं ही गरज मुंबईत रोज प्रवास करणाऱ्यालाच आतून कळते. ट्विटरचंही तसंच. हॅशटॅगची कल्पना कंपनीची नव्हती, २००७मध्ये ख्रिस मेसिना या वापरकर्त्याने ती सुचवली. स्क्रीन खाली ओढून ताज्या पोस्ट आणायची पद्धत लॉरेन ब्रिक्टर यांनी ट्वीटी या आपल्या ॲपमध्ये आणली आणि २०१०मध्ये ट्विटरने ते ॲपच विकत घेतलं. त्याच कंपनीने २०२३मध्ये बाहेरच्या ॲपना दार बंद केलं, पूर्वीसारखी फुकट एपीआयही (बाहेरच्या ॲपना ट्विटरशी जोडणारी सोय) काढून घेतली. माझ्या मते हे फार वाईट झालं. नवीन काय हवंय ते आपणहून करून दाखवणारी माणसं कंपनीने स्वतःच्या हाताने घालवली.

डेटा जपायलाच हवा, यात दुमत नाही. केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण २०१८मध्ये उघड झालं तेव्हा एका साध्या क्विझ ॲपमधून ८.७ कोटींपर्यंत फेसबुक खात्यांची माहिती गेल्याचं समोर आलं होतं. म्हणून एखाद्या कॉलेजच्या मुलाला काम दिलंत तर पदार्थांची यादी आणि भाव द्या, गिऱ्हाइकांचे फोन नंबर मुळीच देऊ नका. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३चा कायदाही आता आहे. आणि त्याला पैसे द्या. हौस आहे म्हणून फुकट राबवून घेणं मला पटत नाही.

तुमच्या दुकानासाठी सुरुवात कुठून करायची, तर दिवाळीच्या आठवड्यात फोनवर सगळ्यात जास्त काय विचारलं जातं ते लिहून ठेवा. ‘भाजणीची चकली तयार आहे का?’ असंच बहुतेक असेल. आज काय तयार आहे आणि काय संपलं, एवढंच दाखवणारं एक पान त्या मुलाकडून करून घ्या आणि त्याची लिंक इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये टाका. लोक कुठला पदार्थ सारखा उघडून बघतात तेही त्याला मोजायला सांगा, म्हणजे दुसऱ्या दिवशी कशाचा घाणा आधी काढायचा ते ठरवता येईल.