फराळ ताजा, तयारी आधी

गेल्या अंकात दिवाळीच्या फराळाबद्दल प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली आणि बहुतेकांची अडचण एकच निघाली: सगळं शेवटच्या चार दिवसांत अंगावर येतं, तर आधीपासून काय करून ठेवता येईल? मिरजेत मी कितीतरी वर्षं घरून फराळाच्या ऑर्डरी घेते. त्यावरून सांगते, पदार्थ करायची घाई करू नका. भाजण्या, पिठं, सारणं ही आधी करायची कामं. तळणं आणि वळणं जितकं दिवाळीजवळ जाईल तितकं चवीला चांगलं. हे धरून खालची उत्तरं वाचा.

मी डोंबिवलीला राहते, नोकरी मुंबईत. सकाळी सातला घर सोडते, परतायला रात्रीचे आठ वाजतात. सासूबाईंना गुडघ्यांमुळे ओट्यापाशी उभं राहवत नाही. तरी फराळ घरचाच हवा असं आम्हा दोघींनाही वाटतं. कधीपासून सुरुवात करू?

ताई, यंदा अधिक ज्येष्ठ आला, त्यामुळे दिवाळी नोव्हेंबरात गेली आहे. दसरा २० ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला रविवारी, आणि अभ्यंगस्नानही त्याच दिवशी पहाटे. म्हणजे दसऱ्यानंतर दोन शनिवार-रविवार तुमच्या हातात आहेत. ते पुरतात.

चकलीची भाजणी मात्र दसऱ्याच्याही आधी उरकून टाका. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची डाळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, अर्धी वाटी धणे आणि दोन चमचे जिरे. तांदूळ आणि डाळी धुवून, निथळून, घरातच कापडावर पंख्याखाली खडखडीत वाळवायच्या. मग एकेक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजायचा. एकत्र भाजलं की डाळ करपते आणि तांदूळ कच्चा राहतो, आणि कच्च्या तांदळाची चकली दुसऱ्याच दिवशी वातड होते. तांदळाचा दाणा दाताखाली कुटकन फुटला पाहिजे. उडदाच्या डाळीवर गुलाबी छटा आली की उतरवायची, त्यापुढे गेली तर भाजणी कडवट लागते.

हे काम सासूबाईंना द्या. छोटी शेगडी जेवणाच्या टेबलावर ठेवली, समोर खुर्ची घेतली, की गुडघ्यांना त्रास नाही. भाजणी पुरेशी झाली हे वासावरून त्यांच्याइतकं नेमकं कोण सांगणार? तुम्ही शेजारी बसून शिकून घ्या. ही विद्या लिहून घेता येत नाही.

दळायला देताना गिरणीत सांगा, गव्हावर दळू नका, तांदळावर किंवा डाळीवर दळा. जात्यात अडकलेलं गव्हाचं पीठ भाजणीत आलं की चकलीचा खुसखुशीतपणा गेलाच. दिवाळीच्या आठवड्यात गिरणीवाल्याला हे ऐकायला उसंत नसते, दसऱ्याआधी तो ऐकतो. भाजणी पूर्ण गार झाल्यावर कोरड्या डब्यात भरली तर दोन महिने सहज राहते.

२४-२५ ऑक्टोबरला शंकरपाळी तळून घ्या. फराळात ती सगळ्यांत जास्त टिकते, महिनाभर बिघडत नाही. त्याच दिवशी करंजीचं सारण करून ठेवा: सुकं खोबरं किसून, मंद आचेवर भाजून, त्यात भाजलेला रवा आणि खसखस. पिठीसाखर आणि वेलची करंज्या करायच्या दिवशी घाला. बेसनही त्याच रविवारी तुपावर भाजून ठेवता येतं. लाडवाचा खरा वेळ भाजण्यात जातो. साखर न घालता ते स्टीलच्या डब्यात आठ-दहा दिवस छान राहतं. वळायच्या संध्याकाळी कढईत जरासं कोमट करायचं, खाली उतरवून पिठीसाखर मिसळायची, आणि अर्ध्या तासात लाडू तयार. ऑफिसातून आल्यावरही होतं.

३१ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबरला चकल्या, शेव, चिवडा. ही तिन्ही कामं एकाच वेळी मांडू नका. शनिवारी तळण, रविवारी चिवडा. लाडू मधल्या एखाद्या संध्याकाळी आणि करंज्या शुक्रवारी-शनिवारी. पहाटे सगळे फराळाला बसतील तेव्हा तुम्ही दोघी पाटावर असायला हव्यात, हे त्या शनिवारी रात्री ओटा धुताना लक्षात ठेवा आणि राहिलेलं काम तसंच राहू द्या.

पत्नीला जाऊन दोन वर्षं झाली. दोन्ही दिवाळ्यांत फराळ नातेवाइकांकडून आला. यंदा मुलं घरी येणार आहेत, तेव्हा ती करायची तसा पातळ पोह्यांचा चिवडा मला करायचा आहे. करून पाहिला, पण दुसऱ्या दिवशी मऊ पडला. (नाशिक)

दादा, तुम्ही हे मनावर घेतलंत याचं फार बरं वाटलं. चिवडा सादळतो तो पाण्यामुळे, आणि पाणी कुठून कुठून येतं ते सांगते.

पहिलं पोह्यांतून. अर्धा किलो पातळ पोहे चाळून दोन-तीन तास उन्हात ठेवा. मग मोठ्या कढईत मंद आचेवर थोडेथोडे भाजा, सगळे एकदम टाकू नका. मूठभर पोहे चुरून बघायचे. आवाज करत मोडले तर झाले, बोटांत वाकले तर अजून हवेत. भाजताना मोठा डाव फिरवू नका, पोह्यांचा भुगा होतो. कढईचे कान धरून हलवा.

दुसरं कढीपत्ता आणि मिरचीतून. बहुतेकांचा चिवडा इथेच फसतो. कढीपत्ता आदल्या दिवशी धुवून, पुसून, कापडावर पसरून ठेवा. फोडणीत तो काचेसारखा कडक झाला पाहिजे, आणि मिरचीचे तुकडे पांढरट होऊन आक्रसेपर्यंत तळले पाहिजेत. जरा जरी ओलसर राहिले तरी तेवढा ओलावा डबाभर पोह्यांना पुरतो. क्रम असा ठेवा: आधी शेंगदाणे, मग खोबऱ्याचे काप, मग मिरची आणि कढीपत्ता, शेवटी डाळं. गॅस बंद करून हिंग, हळद, मीठ घाला आणि मग पोहे. पिठीसाखर सगळं गार झाल्यावरच, गरम तेलात ती विरघळून चिकटते.

तिसरं म्हणजे कोमट चिवडा डब्यात भरणं. वाफ झाकणाला लागते आणि थेंब खाली पडतात. परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या. हात लावून बघू नका, हाताच्या पंजाला फसायला होतं. मनगटाची आतली बाजू परातीच्या तळाला लावा.

आणि एक. त्यांचा चिवडा तुमच्या तोंडात आहे, म्हणजे तुम्हाला चव माहीत आहे. बडीशेप होती का, धणे भरड कुटून घालायच्या का, तळलेला कांदा असायचा का, हे मुलांनाही विचारा. कांदा घालत असतील तर तो उन्हात वाळवून मगच तळायचा.

मुलगी मेलबर्नला, भाऊ दुबईला. दोघांना घरचा फराळ पाठवायचा आहे. काय पाठवू आणि कधी? (पुणे)

भावासाठी सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आधी: दुबईच्या डब्यात खसखस नको. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बंदी असलेल्या वस्तूंत मोडते. सौदी अरेबिया आणि सिंगापूरलाही तेच. आपल्याला ती साधी वाटते, तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते आणि त्रास ज्याच्या नावावर पार्सल आहे त्याला होतो. करंजीच्या सारणात खसखशीऐवजी भाजलेले पांढरे तीळ घाला, अनारसेही तिळावर थापा, सुरेख लागतात. कांदा-लसूण मसाला किंवा गोडा मसाला सोबत देणार असाल तर त्यातही खसखस असते, ती वगळून केलेला द्या.

मुलीसाठी दुधाचं आणि खव्याचं काहीच पाठवू नका. ऑस्ट्रेलियात बाहेरच्या दुग्धजन्य पदार्थांबद्दल नियम फार कडक आहेत. तुपातल्या पदार्थांबद्दलही पार्सल करण्याआधी त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर बघून घ्या, नियम बदलत असतात. आत काय आहे ते फॉर्मवर इंग्रजीत पदार्थागणिक स्पष्ट लिहा. नुसतं ‘स्वीट्स’ लिहिलं की उघडून बघतात आणि अडकवून ठेवतात.

पाठवायला मी कडबोळी, शेव आणि तेलात तळलेली शंकरपाळी सुचवेन. शंकरपाळीसाठी दुधाऐवजी पाण्यात साखर विरघळवून मैदा भिजवा आणि मोहन तेलाचं घाला. चकल्या दिसतात छान, पण पोचेपर्यंत निम्म्यांचे तुकडे होतात. पाठवायच्याच असतील तर डब्याच्या घेराएवढ्या करा, एकावर एक रचा आणि वर कागद कोंबून डबा हलवून बघा. आतून खुळखुळ आवाज आला तर अजून कागद भरा. मेलबर्नचं पार्सल दसऱ्याच्या आसपास निघालं पाहिजे, म्हणजे वाटेत आठवडा-दहा दिवस गेले तरी दिवाळीआधी हातात पडतं. म्हणून पाठवण्यापुरता वेगळा छोटा घाणा आधी काढा, घरचा फराळ नंतर. तेल मात्र त्या दिवशी नवं घ्या. आधी वापरलेल्या तेलात तळलेलं पार्सलमधल्या उकाड्यात लवकर खवट होतं.

माझे अनारसे दरवर्षी हसतात. पीठ आधी करून ठेवलं तर सुधारतील का? (बेळगाव)

सुधारतील, कारण अनारशाला मुरायला वेळ लागतोच. फराळातला हा एकच पदार्थ असा, की तो आधीपासून सुरू केल्याशिवाय होतच नाही.

जुना, जाड तांदूळ घ्या. नव्या तांदळाला चिकटपणा फार असतो. तीन दिवस भिजवा आणि रोज पाणी बदला. चौथ्या दिवशी निथळून कापडावर पसरा. पूर्ण वाळू द्यायचा नाही. हातात घेतला तर दाणे मोकळे व्हावेत, पण बोटांना गारवा लागावा, इतकाच. तेवढ्या ओलीवर दळून बारीक चाळणीने चाळा. आता ऐका: त्या पिठातलं मूठभर बाजूला काढून वेगळं वाळवून ठेवा. पुढे उपयोगी पडणार आहे.

उरलेलं पीठ तोला आणि त्याच्या पाऊणपट गूळ बारीक किसून मिसळा. साधा, मऊ गूळ घ्या, चिक्कीचा गूळ नको. चमचाभर तूप घालून मळा, घट्ट गोळे करा आणि डब्यात दाबून भरा. आठ दिवस बाहेर, नंतर फ्रिजमध्ये. आमच्या आत्याबाई या डब्यात महिनाभर पीठ ठेवायच्या आणि लागतील तसे चार-पाच अनारसे तळायच्या. म्हणून म्हणते, सगळे एकाच दिवशी तळायची गरज नाही.

तळायच्या दिवशी आधी एकच अनारसा सोडून बघा. तुपात पसरून विरघळायला लागला, म्हणजे हसला, तर गूळ किंवा ओल जास्त झाली आहे. तेव्हा ते बाजूला ठेवलेलं कोरडं पीठ चमचा-चमचा मिसळा आणि पुन्हा एक तळून बघा. उलट अनारसा दगडासारखा झाला, जाळी पडली नाही, तर चमचाभर कुस्करलेलं केळं घाला. तूप मध्यम तापलेलं हवं. खसखशीची बाजू वर ठेवून सोडायचा, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. बाहेर काढून चाळणीत उभा ठेवला की तूप निथळतं आणि जाळी उघडी राहते.

ओल्या नारळाच्या करंज्या आठवडाभर आधी केल्या तर चालतील का? (रत्नागिरी)

नाही. त्या दोन दिवसांत संपवायच्या. आदल्या रात्री सारण शिजवून फ्रिजमध्ये ठेवा, करंज्या सकाळी करा.

सोसायटीतली वीस-पंचवीस घरं, वॉचमनदादा, कामाच्या मावशी, सगळ्यांना हाताने केलेलं काहीतरी द्यायचं आहे. दर वर्षी मिठाईचे पुडे देऊन कंटाळा आला. (छत्रपती संभाजीनगर)

मिठाई त्या आठवड्यात प्रत्येकाच्या घरी उतू जात असते. त्याऐवजी उटणं द्या. आत्ता केलं तरी चालतं, कोरडं असल्यामुळे काही महिने राहतं. काष्ठौषधींच्या दुकानात नागरमोथा, आंबेहळद, कपूरकाचरी, वाळा आणि गुलाबपाकळ्या मिळतात. संत्र्याच्या साली घरीच वाळवून दळा. निम्मं मसुराच्या डाळीचं पीठ आणि निम्मं हे सगळं मिळून, असं धरा. दोनदा वस्त्रगाळ करा, नाहीतर नागरमोथ्याचे तंतू अंगाला टोचतात. छोट्या कागदी पुड्या करून वर घटक लिहा, म्हणजे कोणाच्या त्वचेला काही सोसत नसेल तर कळेल.

गोड चालत नाही अशांकडे कोरडी जवसाची किंवा लसणीची चटणी द्या. शेंगदाण्याची तेलकट चटणी लवकर खवट होते, ती आदल्या आठवड्यातच कुटा.

मावशींना देताना थोडा वेगळा विचार करा. ऐन दिवाळीत त्या चार घरची कामं उरकून रात्री स्वतःच्या घरचं तळण काढतात. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दिलेला फराळाचा डबा त्यांच्या उपयोगाला उशिरा पडतो. वसुबारसेच्या आठ दिवस आधी किलोभर तयार भाजणी, एक तेलाची पिशवी आणि बोनस एकत्र द्या. भाजणीला त्यांचे दोन दिवस गेले असते, ते वाचतात. पिशवीत चिठ्ठी घाला, मोठ्या अक्षरात: एक वाटी भाजणी, पाऊण ते एक वाटी उकळतं पाणी, दोन चमचे कडकडीत तेल, चमचाभर तीळ, तिखट-मीठ चवीप्रमाणे. पीठ अर्धा तास झाकून ठेवायचं आणि चकली पाडण्याआधी पाण्याचा हात लावून पुन्हा मळायचं.