नागपुरात बसून बंदराचा कायदा पाहताना

बाबू, समुद्र नाही म्हणून हे काम आपलं नाही असं समजू नको. न्हावा-शेव्याला क्रेनवर काम करणारा पोरगा भंडाऱ्याचा असू शकतो, आणि अपघातात तो गेला तर त्याच्या बायकोचा भरपाईचा कागद आपल्या टेबलावर येतो. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात १९९५ नंतर राहत्या ठिकाणीही दावा लावता येऊ लागला, ते याचसाठी.

कलमाचा हेतू नंतर वाच, आधी आकडा मांड. २०२० च्या अधिसूचनेनुसार भरपाईसाठी महिन्याचा पगार जास्तीत जास्त १५,००० धरायचा. पगार ४०,००० असो, हिशेब १५,००० वरच. तीस वर्षांच्या माणसाचा मृत्यू: पगाराचा अर्धा भाग ७,५०० गुणिले त्या वयाचा गुणक २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. ही मर्यादा आपोआप वाढत नाही. अधिसूचना निघेपर्यंत पगार पुढे पळतो, भरपाई जागीच. कोणी मुद्दाम केलं नाही, पण झालं ना!

अमेरिकेचा १९२७ चा गोदी कामगार कायदाही वाच. तो मुळात पाण्यावरच्या अपघातापुरता होता. एकच हमाल जहाजावर संरक्षित, धक्क्यावर उघडा. १९७२ साली हद्द जमिनीवर आणली, तर ‘सागरी काम’ म्हणजे नेमकं काय यावर खटले सुरू झाले. १९८४ ला पुन्हा दुरुस्ती. एक भोक बुजवलं की शेजारी दुसरं पडतं, गड्या.

आता १९२३ च्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे. जुनं कलम आणि नवं कलम शेजारी ठेव, अपघाताची तारीख आधी लिही, कोणतं लागू ते तिच्यावर ठरतं. आणि ठेकेदाराच्या माणसाचं काय होतं, ते प्रत्येक वेळी विचार.