आधी भांड्यांचं ठरवा

प्रिय,

अनेक आशीर्वाद. (आशीर्वाद हीसुद्धा वरून खाली येणारीच गोष्ट, हे तुझं पत्र वाचल्यावर पहिल्यांदा जाणवलं. पण हाताला सवय आहे, तो लिहून मोकळा झाला.)

तुम्हा सात जणांच्या सामाईक घराचा तुझा आराखडा दोनदा वाचला. साहेब नाही, हाताखालचं कुणी नाही, घर सगळ्यांचं, कमाई एका पेटीत, निर्णय सर्वांच्या संमतीने. एकूण सतरा पानं. त्यातली अकरा मूल्यांवर. भांडी कोण घासणार, यावर एक ओळ नाही. तुला हसू येईल. पण मी पाच वर्षं अशाच एका घरात काढली आहेत आणि ते घर मूल्यांवरून मोडलं नाही.

आम्ही नऊ जण होतो. ‘आमच्यात कुणी मोठं नाही’ हे इतक्यांदा म्हणायचो की दारावर पाटी लावायचीच काय ती राहिली होती. तरी बँकेत सही एकाचीच चाले, कारण त्याला त्यातलं कळतं. बैठका रात्री बसत. ज्याला पहाटे उठायचं नसे तो एक वाजेपर्यंत बोलू शके, आणि जो शेवटपर्यंत जागा राही त्याचं म्हणणं ‘सर्वानुमते’ ठरे. घरकामाला नियम एकच होता: ज्याला वाटेल त्याने करावं. आता, वाटणारी माणसं ठरलेलीच असतात. आमच्याकडे ती तीन होती, तिघीही बायका. उतरंड हा शब्द मुळात मडक्यांचा, एकावर एक रचलेल्या. आमची उतरंड रोज रात्री मोरीत रचलेली असायची आणि आम्ही ती जाडजूड पुस्तकांत शोधत बसायचो.

हे आमचंच खास वैगुण्य नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. अमेरिकेतल्या स्त्रीमुक्तीच्या गटांत वावरलेल्या जो फ्रीमन यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच ते लिहून ठेवलं होतं. रचना नको म्हटल्याने रचना जात नाही, ती फक्त दिसेनाशी होते. मग जुन्या मैत्रिणींचा घोळका निर्णय घेतो, आणि जाब विचारायला गेलं तर कुणी सापडत नाही, कारण पदच कुणाकडे नाही. म्हणून नेता नको असेल तर नियम जास्त लागतात, कमी नाही. हे तुला आवडणार नाही. मलाही आवडलं नव्हतं.

रॉबर्ट ओवेन या ब्रिटिश गिरणीमालक समाजसुधारकाचं उदाहरण तू मोठ्या प्रेमाने दिलं आहेस. त्याने १८२५ मध्ये अमेरिकेतल्या इंडियानात न्यू हार्मनी हे वसलेलं गावच विकत घेतलं, शेकडो माणसं जमली, आणि १८२७ पर्यंत तो संसार मोडलाही. गावाच्या नियमांची घटना मात्र पुन्हापुन्हा नव्याने लिहिली गेली. मालक स्वतः बराच काळ गावाबाहेर, भाषणं देत. ओवेन माणूस म्हणून मला आवडतो, पण शिकायचं असेल तर त्याच्याकडून फारसं नाही.

शिकायचं ते व्हर्जिनियातल्या ट्विन ओक्सकडून. ही सामाईक वस्ती १९६७ मध्ये सुरू झाली आणि अजून आहे. तिथे प्रत्येकाने आठवड्याला ठरावीक तास काम करायचं, चाळिसाच्या आसपास. त्यात स्वयंपाक, मुलं सांभाळणं, हिशेब लिहिणं, सगळं येतं आणि प्रत्येक तासाचं मोल सारखंच. सुरुवातीला त्यांनी वेगळा प्रयोग केला होता, नकोशा कामाला जास्त गुण द्यायचा. पुढे तो सोडून दिला. मला यातली गंमत ही वाटते की आपल्या घरात जे काम ‘काम’ म्हणून कुणाला दिसतच नाही, ते तिथे वहीत चढतं. वहीत चढलं की ते कुणाच्या तरी चांगुलपणावर अवलंबून राहत नाही. तुमच्यातला कुणीतरी म्हणेल की हा व्यापारीपणा झाला, प्रेमाच्या घरात हिशेब कसला. असं कोण म्हणतं ते नीट बघून ठेव. भांडी घासणारी व्यक्ती सहसा असं म्हणत नाही.

‘माणसाचा स्वभावच वर चढण्याचा आहे’ असं तुला घरोघरी ऐकवलं जाईल. वाद घालू नकोस, निम्मं खरंच आहे. म्हणून तर आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटातल्या कुंग शिकाऱ्यांचं मला फार अप्रूप वाटतं. मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड ली यांनी १९६०च्या दशकात त्यांच्यात राहून जे पाहिलं ते लिहिलं आहे. कुणी मोठी शिकार केली की बाकीचे तिला नावं ठेवतात. हाडंच आहेत नुसती, एवढ्यासाठी आम्हाला इतक्या लांब आणलंस का! शिकारीही मान खाली घालून हो म्हणतो. तरुणाच्या डोक्यात हवा जाऊ नये, तो स्वतःला सरदार समजू लागू नये, म्हणून हे चालतं. शिवाय मांस वाटण्याचा मान शिकाऱ्याला मिळत नाही, ज्याचा बाण त्याला मिळतो. आणि बाण तर एकमेकांना देत-घेत फिरत असतात, त्यामुळे न हललेल्या म्हाताऱ्यालाही कधीतरी तो मान येतो. या लोकांनी स्वभाव बदललेला नाही. गर्व येणारच हे धरून चालून त्याच्यावर रोजचा इलाज ठेवला आहे. तुझ्या अकरा पानांत मला असा एक तरी बाण हवा होता.

किबुत्झांबद्दल, म्हणजे इस्रायलमधल्या सामूहिक शेतीच्या वस्त्यांबद्दल, तू लिहिलं आहेस ते अर्धवट आहे. पहिलं, दगानिया, १९१० मध्ये गॅलिली सरोवराकाठी उभं राहिलं. आत समता कडक होती, इतकी की पुढे बऱ्याच किबुत्झांत मुलंही रात्री आईवडिलांकडे नाही तर बालगृहात झोपत. ते आयांनाच सोसेना, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बालगृहं जवळपास सगळीकडे बंद झाली. पण त्या समतेत कुंपणापलीकडच्या अरब शेतकऱ्याला जागा नव्हती. तुमच्या घराला कुंपण असेल, तर पलीकडे कोण आहे हे आराखड्यात आलं पाहिजे.

आता जे सांगायचं मी टाळत होते ते.

आमच्यातली एकजण चौथ्या वर्षी निघाली. घरी आई आजारी. तोवरची तिची सगळी कमाई पेटीत गेलेली, आणि जाणाऱ्याला काय द्यायचं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. आधी लिहायला काढलं असतं तर अविश्वास दिसला असता ना! तीन रात्री बैठक चालली. शेवटी तिला गाडीभाड्यापुरते पैसे मिळाले आणि भरपूर मिठ्या. त्या तीन रात्रींत मी तोंड उघडलं नाही. सहीवाला माझा मित्र होता.

स्पेनच्या बास्क प्रदेशात माँद्रागॉनच्या सहकारी कारखान्यांची सुरुवात १९५६ मध्ये पाच तरुणांनी केली. तिथे प्रत्येक सभासदाच्या नावाने भांडवलाचं वेगळं खातं असतं आणि बाहेर पडताना ते त्याला मिळतं. सभेत मत एकाला एकच, आणि वरच्या व खालच्या पगारातलं अंतर सुरुवातीला तिपटीवर बांधलेलं. ते स्वर्ग नाहीत. अंतर पुढे वाढलं, परदेशातल्या त्यांच्या कारखान्यांतले बहुतेक कामगार सभासद नाहीत, आणि २०१३ मध्ये त्यांची घरगुती उपकरणांची मोठी कंपनी बुडाली. पण तेव्हा तिथल्या बऱ्याच सभासदांना इतर संस्थांनी सामावून घेतलं, कारण पडझडीत काय करायचं हे आधीच ठरलेलं होतं. जाण्याची वाट नीट असली की राहणारा माणूस मोकळेपणाने ‘नाही’ म्हणू शकतो. आमच्या घरात ‘नाही’ म्हणणं फार महाग होतं.

तेव्हा पहिलं पान बाहेर पडण्याचं लिहा, दुसरं भांड्यांचं. सही दोघांची, आणि ती दर वर्षी बदलणारी. बैठक उजेडी. मूल्यांची अकरा पानं शेवटी जोडा, फाडू नका, ती सुंदर आहेत.

आणखी एक. ‘आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं’ हे वाक्य तुझ्या आराखड्यात चार वेळा आलं आहे, पण अक्षर सतराही पानांवर तुझंच आहे. तुम्हा सात जणांत जे सर्वांत कमी बोलतं, त्याच्याकडून पुढचा मसुदा लिहून घे आणि हात न लावता मला पाठव. त्याचं लिहून होईपर्यंत त्याच्या वाटणीची कामं तू कर.

तुझ्या,
बाई